टीवर खणखणीत, पिचरसमोर उशीर: बेसबॉलच्या बॅटिंगमधलं टायमिंग

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून टेनिस बॉल क्रिकेट खेळत आलो. यंदा कॉलेजच्या बेसबॉल संघात घेतलंय. टीवर (सरावाच्या स्टँडवर) ठेवलेला चेंडू मी जोरात मारतो, पण पिचर टाकायला लागला की बॅट उशिरा येते. लवकर फिरवायला गेलो तर हळू चेंडूला आधीच फिरून मोकळा होतो. सर म्हणतात चेंडू बघ, सीनियर म्हणतात हात फास्ट कर, व्हिडिओत सांगतात कंबर आधी फिरव. नक्की काय बदलू? महिन्याभरात निवड चाचणी आहे.

उत्तर:

तुझ्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. टीवरचा चेंडू खणखणीत जातो, म्हणजे बॅट फिरवायला तुला येतं आणि हातांत वेगही आहे. पिचर समोर आला की बिघडतं, म्हणजे बॅट निघायच्या आधी जे व्हायला हवं ते होत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली क्रिकेट सोडून किंवा क्रिकेट सांभाळून बेसबॉल-सॉफ्टबॉलकडे आलेली मुलंमुली मी बरीच वर्षं शिकवत आलोय. त्यांच्यातल्या बहुतेकांचा उशीर हातांत नसतो, पुढच्या पायात असतो. पाय उशिरा उचलला जातो, उशिरा टेकतो, आणि तो टेकेपर्यंत हातांना निघताच येत नाही. म्हणून हा महिनाभर हातांचा विचार सोड. फक्त पुढच्या पायाची वेळ बदल.

"हात फास्ट कर" हा सल्ला सीनियर मुलं मनापासून देतात, पण त्याने नुकसानच होतं. वेग वाढवायचा म्हटलं की माणूस पहिल्यांदा मूठ आवळतो. मूठ आवळली की मनगटं आणि दंड ताठतात, पुढचा खांदा वेळेआधी उघडतो, आणि बॅट चेंडूकडे जवळच्या वाटेने न जाता बाहेरून वळसा घालून येते. त्या वळशात उशीर आणखी वाढतो. मग पुन्हा कोणीतरी ओरडतं, "अजून फास्ट मार की!" आणि मुलगा आणखी आवळतो.

आता जरा हिशोब करू. कागद घेऊन स्वतः मांडून बघ, म्हणजे पुढचं सगळं पटेल. पिचर ज्या पट्टीवर पाय ठेवून टाकतो तिथून होम प्लेटपर्यंतचं, म्हणजे बॅटरजवळच्या जमिनीवरच्या पाटीपर्यंतचं अंतर १८.४४ मीटर, म्हणजे ६० फूट ६ इंच. चेंडू हातातून सुटतो तेव्हा पिचर पाऊल टाकून पुढे आलेला असतो, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात साधारण १७ मीटरच कापायचे असतात. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू हे अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो. पण तो झाला अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या व्यावसायिक सामन्यातला वेग. तुझ्यासमोरचा पिचर समजा ताशी ११० ने टाकतो. त्याच्या चेंडूला ०.५७ सेकंदाच्या आसपास लागतात.

दुसऱ्या बाजूला तुझा वेळ मांड. डोळ्यांनी काही दिसून शरीर हलायला लागेपर्यंत कोणाचेही ०.२ सेकंद जातात. पुढचा पाय उचलून टेकवायला साधारण ०.३. बॅट निघून चेंडूला लागेपर्यंत मुरलेल्या खेळाडूला ०.१५, तुझ्या वयाच्या मुलाला ०.२ धर. तुझं वर्णन वाचून मला दिसतं ते असं: पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत तू एकदम स्तब्ध उभा असतोस. चेंडू सुटला, तुला दिसला, ०.२ गेले. पाय उचलून टेकला, आणखी ०.३. बॅट फिरली, आणखी ०.२. बेरीज ०.७ झाली आणि चेंडू ०.५७ मध्येच कॅचरच्या, म्हणजे तुझ्यामागे बसलेल्या चेंडू झेलणाऱ्याच्या ग्लोव्हमध्ये गेला. हात कितीही झपाझप फिरवलेस तरी त्या ०.२ मधून फार तर एक-दोन शतांश सेकंद वाचतील. पाय मात्र चेंडू सुटायच्या आधीच निघाला, तर ते ०.३ या बेरजेतून जवळजवळ पूर्ण निघून जातात. मग तुझ्याकडे ०.५७ वजा ०.२, म्हणजे ०.३७ सेकंद उरतात, फक्त बघायला आणि मारायचं की सोडायचं ते ठरवायला. एवढा वेळ भरपूर आहे. तुला वेळ कमी मिळत नाही, तो पाय उचलण्यात खर्च होतो.

आणि ही गोष्ट तुला येते, हे मला तुला मुद्दाम सांगायचंय. भात कापून झालं की आपल्याकडे शिवारात पिच काढून टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, तिथे तू खेळलाच असशील. बोलर धावत येतो, उडी घेतो, आणि त्याच क्षणी तुझी बॅट मागे जाते, पाय किंचित सरकतो. चेंडू सुटायच्या आधी तू तयार असतोस. हे तुला कोणी शिकवलेलं नाही, बोलरच्या धावण्यानेच शरीराला ताल दिला. बेसबॉलचा पिचर धावत येत नाही. तो जागेवर उभा असतो, खांद्यावरून बघतो, मग पाय उचलून टाकतो. निघायची ओळखीची खूण नाहीशी झाली म्हणून तू थबकलास. तीच सवय नव्या खुणेवर बसवायची आहे, नवं काही शिकायचं नाही.

खूण कोणती धरायची यावर मात्र नीट विचार हवा. पिचरच्या हालचालीत तीन ठिकाणं ठळक दिसतात. त्याचा पुढचा पाय वर जातो. मग चेंडूचा हात ग्लोव्हमधून वेगळा होतो. मग पुढचं पाऊल टेकतं आणि हात वरून येतो. बरीच मुलं पहिली खूण धरतात, कारण ती सगळ्यात मोठी दिसते. मला ती आवडत नाही. बेसवर रनर, म्हणजे पुढच्या टप्प्याकडे धावायला टपलेला खेळाडू असला की पिचर पाय जेमतेम उचलतो आणि पटकन टाकून मोकळा होतो. पाय वर जाण्यावर ताल बसवलेला बॅटर नेमका तेव्हा उशिरा पडतो, आणि तेव्हाच तर संघाला हिट हवी असते. चेंडूचा हात ग्लोव्हमधून निघणं ही खूण पाय उंच असो वा नसो, बदलत नाही. म्हणून ती धर. हात वेगळा झाला की तुझं वजन मागच्या पायावर जायला लागू दे. त्याचं पाऊल जमिनीवर येतं त्या सुमाराला तुझा पुढचा पाय जमीन सोडून असू दे. आणि चेंडू निम्म्या वाटेवर यायच्या आत तुझ्या पुढच्या पायाच्या अंगठ्याकडची बाजू अलगद टेकलेली असू दे, टाच मात्र अजून किंचित वर.

हे सगळं संथ व्हायला हवं. लवकर निघायचं ते संथपणे जाता यावं म्हणूनच. काही मुलं लवकर निघतात, पण झटक्यात मागे जाऊन तिथे अडकून उभी राहतात. अडकलेल्या शरीराला पुन्हा हलवायला तेवढाच वेळ लागतो, म्हणजे लवकर निघून काही मिळालं नाही. मागे जाणं, पाय पुढे येणं, टेकणं ही एकच न तुटणारी हालचाल आहे. पिचर संथ असेल तर तूही संथ, तो घाईचा असेल तर तूही थोडा घाईने.

आपल्या बहिणी सॉफ्टबॉल खेळतात, त्यांनाही हेच लागू आहे. मुलींच्या फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये अंतर १३.११ मीटर, म्हणजे ४३ फूटच असतं, त्यामुळे वेग कमी असला तरी चेंडू पोचायला लागणारा वेळ बेसबॉलइतकाच कमी होतो. तिथे पिचरचा हात पूर्ण गोल फिरतो. तो गोलाच्या वरच्या टोकाला आला की वजन मागे गेलेलं हवं.

पाय किती उचलायचा, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण व्हिडिओ बघतोस म्हणजे मनात आलाच असेल. याचं उत्तर दोन जपानी खेळाडूंकडे बघून कळतं. सादाहारू ओ १९५९ मध्ये जपानच्या योमिउरी जायंट्स संघात आला. पहिल्या काही वर्षांत त्याच्या बॅटिंगमध्ये टायमिंगचा दोष होता. प्रशिक्षक हिरोशी अराकावा यांच्याबरोबर मेहनत घेऊन १९६२ पासून तो पुढचा पाय उंच उचलून एका पायावर तोल धरायला लागला. त्या वर्षी त्याचे ३८ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) झाले आणि कारकिर्दीच्या शेवटी आकडा ८६८ वर गेला. शोहेई ओतानीने नेमकं उलट केलं. २०१८ मध्ये अमेरिकेत पहिला हंगाम सुरू होण्याआधी सरावाच्या सामन्यांत त्याला वेळ साधेना, तेव्हा त्याने पाय उंच उचलणं सोडलं आणि पुढची टाच नुसती वर करून पाय टेकवायला सुरुवात केली. त्या हंगामात २२ होमरन. एकाचा पाय आकाशाकडे, दुसऱ्याचा जमिनीलाच, पण दोघांनीही पायाचा उपयोग वेळ साधण्यासाठी केला. तुझ्याकडे एकच महिना आहे, तर ओतानीची वाट धर. पाय जितका कमी उचलशील तितकं चुकायला कमी. पाऊलही लांब टाकू नकोस, वीतभर पुरे. लांब पावलाने डोकं पुढे आणि खाली जातं, आणि डोकं चेंडूकडे सरकलं की तोच चेंडू डोळ्यांना अधिक वेगाने आल्यासारखा वाटतो.

आता हळू चेंडूचं. ३६३ सामने जिंकलेला डावखुरा पिचर वॉरेन स्पान याचं म्हणणं प्रसिद्ध आहे: बॅटिंग म्हणजे वेळ साधणं, आणि पिचिंग म्हणजे ती वेळ मोडणं. पिचर चेंजअप टाकतो ते यासाठीच. तोच हात, तीच हालचाल, पण चेंडू ११० ऐवजी ९५ ने येतो. तो पोचायला जवळपास ०.१ सेकंद जास्त लागतो. ऐकायला हे काहीच नाही, पण वेगवान चेंडू ज्या क्षणी प्लेटवर असता त्या क्षणी हा दोन मीटरांहून जास्त लांब असतो. तू "लवकर फिरवायला गेलो" म्हणतोस तेव्हा पाय, कंबर, खांदे, हात सगळंच एकदम पुढे टाकतोस. मग हळू चेंडूसाठी तुझ्याकडे काही शिल्लकच राहत नाही.

उपाय असा की पाय नेहमी वेगवान चेंडूच्या वेळेवर टेकवायचा. प्रत्येक चेंडूला. त्यात अंदाज नाही, तडजोड नाही. पण पाय टेकला म्हणजे बॅट निघाली असं नाही. पाय टेकल्यावर पुढची टाच अजून वर आहे, वजनाचा मोठा भाग मागच्या मांडीवर आहे आणि हात मागच्या खांद्यापाशीच आहेत, ही जी अवस्था आहे तिच्यात थांबता यायला हवं. चेंडू वेगवान आहे असं दिसलं की टाच खाली दाबायची आणि कंबर सुटते. हळू आहे असं दिसलं की टाच तशीच धरायची, पुढचा गुडघा थोडा वाकू द्यायचा, हात मागेच ठेवायचे आणि मग मारायचं. शरीर थोडं पुढे सरकलं तरी हात मागे राहिले असतील, तर मैदानाच्या मोकळ्या भागात एक साधी हिट काढता येते. हात गेले तर सगळं गेलं. सरावात मी मुलांच्या पायापेक्षा या थांबण्याकडेच जास्त वेळ बघत असतो.

कंबर आधी फिरव म्हणणारे व्हिडिओ चुकीचे नाहीत, अर्धवट आहेत. बॅटिंगमध्ये जोर जमिनीतून येतो. पुढची टाच दबली, की मागचा गुडघा आणि कंबर पिचरकडे वळायला लागतात. छाती क्षणभर मागे राहते आणि मग ओढली जाते, मागचा कोपर बरगडीजवळ येतो, मग हात, आणि सगळ्यात शेवटी बॅटचं जाड टोक. आपल्या तालमीत धोबीपछाड शिकवताना वस्ताद सांगतात तसंच: आधी कंबर आत घालायची, मग हात ओढायचे. उलटं केलं तर समोरचा जागचा हलत नाही. याच वेळी पुढचा पाय ताठ होऊन शरीराचं पुढे जाणं रोखतो, आणि अडवलेला तो जोर वळण्यात जातो. मात्र पाय टेकायच्या आधी कंबर फिरवू नकोस. हवेत असलेल्या पायावर फिरलेल्या कंबरेला जमिनीचा आधार नसतो, नुसता दिखावा होतो. म्हणून तुझ्या बाबतीत कंबरेआधी पाय.

बॅट कोणत्या वाटेने जाते हेही टायमिंगचाच भाग आहे, आणि यावर फार कमी बोललं जातं. पिचर उंचवट्यावरून टाकतो, नियमाप्रमाणे तो १० इंच, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर असतो. त्यामुळे आणि गुरुत्वाकर्षणामुळे चेंडू प्लेटवर येताना खाली उतरत असतो, वेगवान असला तर साधारण ६ अंशांनी, हळू असला तर त्याहून तिरका. "वरून खाली मार" हा जुना सल्ला ऐकून बॅट कुऱ्हाडीने लाकूड फोडायला निघाल्यासारखी चालवलीस, तर तिची वाट चेंडूच्या वाटेला एकाच बिंदूत छेदते. त्या बिंदूच्या वेळेत जराही मागेपुढे झालं की संपलं. १९४१ मध्ये .४०६ ची सरासरी, म्हणजे हजारात ४०६ हिट, गाठणारा अमेरिकन बॅटर टेड विल्यम्स याउलट सांगत असे: चेंडू ज्या उताराने येतो, बॅट त्याच उताराने थोडी वर जाऊ दे. मग बॅटचं जाड टोक चेंडूच्या वाटेवर बराच काळ राहतं. तू उजव्या हाताने खेळत असशील तर थोडा उशीर झाल्यावर चेंडू उजवीकडे जाईल, थोडी घाई झाली तर डावीकडे, पण लागेल. हा विचार मला पूर्ण पटलेला आहे. वर मारायचं म्हणून मागचा खांदा पाडून आकाशात चेंडू उडवायचा, असा याचा अर्थ नाही. बॅट आधी चेंडूच्या रेषेत मागून येते आणि मग हलकीशी वर जाते, एवढंच.

चेंडू प्लेटवरून जायला किती कमी वेळ लागतो ते बघ. प्लेट ४३ सेंटिमीटर रुंद, आणि समोरच्या कडेपासून मागच्या टोकापर्यंतही तेवढीच. ताशी १४५ चा चेंडू ती साधारण एक शतांश सेकंदात ओलांडतो. म्हणून आतला आणि बाहेरचा चेंडू एकाच जागी मारता येत नाही. अंगाजवळचा चेंडू प्लेटच्या पुढे, पुढच्या पायाच्याही थोडा पुढे भेटतो. मधला पुढच्या पायाच्या रेषेत. बाहेरचा थोडा आत येऊ द्यायचा आणि उजवीकडे मारायचा. तू उशिरा असशील तर तुला सगळ्यात जास्त त्रास अंगाजवळच्या चेंडूला होत असणार, आणि तो हँडलजवळ लागून हाताला झिणझिण्या येत असणार.

तुझा उशीर किती आहे हे फाउल, म्हणजे बॅटला लागून मैदानाच्या रेषांबाहेर गेलेले चेंडू सांगतात, त्यांच्याकडे लक्ष दे. तू उजव्या हाताने खेळतोस असं धरतो. फाउल उजवीकडे, पहिल्या बेसच्या बाजूला गेला तर तू उशिरा. डावीकडे गेला तर घाईत. आणि सरळ मागे जाळीवर गेला तर वेळ बरोबर होती, बॅट चेंडूच्या किंचित खाली गेली. मुलं त्या सरळ मागे जाणाऱ्या फाउलवर वैतागतात आणि पुढच्या चेंडूला काहीतरी बदलतात. काही बदलायचं नसतं. डावीकडे जमिनीवर घरंगळणारे चेंडू वारंवार येत असतील तर घाई तरी होतेय किंवा मनगटं वेळेआधी उलटतायत.

मनगटं उलटणं ही क्रिकेटची सवय, कारण तिथे चेंडू खाली ठेवायचा असतो. अशा आणखी दोन सवयी सांगतो आणि पुढे जातो. बॅट जमिनीवर टेकवून उभं राहायचं नाही. हात मागच्या खांद्याच्या उंचीला आधीपासून हवेत, नाहीतर चेंडू येत असताना बॅट आधी वर आणि मग पुढे असे दोन प्रवास करते. आणि पाय चेंडूच्या मागे नेऊ नकोस. क्रिकेटमध्ये चेंडूच्या टप्प्याकडे पाय नेणं बरोबर. इथे पाऊल दर वेळी एकाच दिशेला, पिचरकडे. बाहेरच्या चेंडूसाठी हात आणि खांदे जातात, पाय नाही.

सरांचं "चेंडू बघ" बरोबर आहे, फक्त कुठे आणि कधी बघायचं ते त्यात येत नाही. पिचर उभा असताना नजर त्याच्या टोपीवर किंवा छातीवर सैल ठेव. हात वर यायला लागला की चेंडू जिथून सुटतो, म्हणजे त्याच्या कानाच्या बाजूच्या जागेवर नजर ने. सुरुवातीपासून त्या जागेवर टक लावून बसलास तर डोळे थकतात आणि ऐन वेळी धूसर होतात. शेवटच्या दीड-दोन मीटरमध्ये वेगवान चेंडू डोळ्यांना धरता येत नाही, कोणालाच नाही. त्यामुळे चेंडू बॅटला लागताना दिसला नाही म्हणून घाबरू नकोस. डोकं स्थिर ठेवलंस की पुरे.

सरावाचं सांगतो. टी चांगली, पण ती फक्त बॅटची वाट सुधारते. ठेवलेला चेंडू टायमिंग शिकवूच शकत नाही. तुझा बहुतेक वेळ आता टीबाहेर जायला हवा. संघाचे पिचर सराव करत असतात तेव्हा हेल्मेट घालून, सरांच्या परवानगीने बॅटरच्या जागी उभा राहा आणि बॅट फिरवू नकोस. फक्त वजन मागे, पाय पुढे, टेकला. टेकला त्या क्षणी मोठ्याने "आता" म्हण, आणि कॅचरला विचार चेंडू कुठे होता. पिचरलाही समोर उभा बॅटर मिळतो, त्यामुळे कोणी नाही म्हणत नाही. माझ्या अनुभवात एवढ्या एकाच सरावाने सगळ्यात लवकर फरक पडतो.

दुसरं, मित्राला जाळीमागून पाच-सहा मीटरवरून खालच्या हाताने चेंडू टाकायला सांग. त्याने हाताची हालचाल तीच ठेवून मध्येच हळू टाकायचा, तुला न सांगता. तुझं काम पाय दर वेळी एकाच वेळेला टेकवणं आणि हळू चेंडूला टाच धरून ठेवणं.

आणि मोबाइल वापर. बहुतेक फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन असतो. बाजूने, पिचर आणि तू दोघंही दिसाल असा धर. मग एकेक चित्र पुढे नेत बघ: चेंडू हातातून सुटला तेव्हा तुझा पाय कुठे होता? अजून जमिनीवरच असेल तर माझं निदान बरोबर. पाय टेकल्यापासून चेंडू लागेपर्यंत किती चित्रं जातात तेही मोज. ०.२ सेकंद म्हणजे ४८ चित्रं. पाय टेकताच बॅट निघतेय, मध्ये एकही चित्र रिकामं नाही, असं दिसलं तर तुला थांबायला जागाच उरलेली नाही. आणखी लवकर निघ.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदानाचा भरवसा नसतो, खानापूरकडे तर नाहीच. भिजलेला चामड्याचा चेंडू जड होतो, शिवण सुटते, आणि ओल्या मातीवर पाय टेकण्याचा सराव घसरगुंडीचा होतो. तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात किंवा हॉलमध्ये बॅडमिंटनची जुनी शटल घे आणि बॅटऐवजी झाडूचा दांडा. शटल वेगाने निघून मध्येच मंदावतं, त्यामुळे हात मागे धरून ठेवायची सवय लागते. चार भिंतींत काही फुटतही नाही. पावसाळ्यात मी मुलांकडून हेच करून घेतो, आणि मैदान वाळेपर्यंत ती टायमिंगमध्ये पुढे गेलेली असतात.

बॅट संघाची, सगळ्यांना एकच आणि तुला जड वाटत असेल तर मूठ दोन बोटं वर धर. कमीपणा वाटून घेऊ नकोस.

चाचणीच्या दिवशी लवकर जा आणि आधीच्या मुलांना तो पिचर टाकत असेल तेव्हा बाजूला उभं राहून त्याच्या हाताबरोबर पाय टेकवत राहा. तुझा नंबर येईपर्यंत त्याचा ताल तुझ्या अंगात बसलेला असेल. दोन स्ट्राइक (चुकलेले किंवा मारण्याजोगे असून सोडलेले चेंडू; तिसऱ्याला बाद) होईपर्यंत मांडीपासून कमरेपर्यंतचा, प्लेटच्या मधला चेंडूच मार, बाकीचे सोड. स्ट्राइक दिला तरी सोड. दोन स्ट्राइक झाले की मूठ आणखी थोडी वर, पाय उचलणं बंद, नुसती टाच, आणि चेंडू शक्य तितका आत येऊ देऊन उजवीकडे मार. निवड करणारे लांब फटके बघतात, पण दोन स्ट्राइकवर चेंडूला बॅट लावणारा मुलगाही त्यांच्या वहीत जातो. चाचणीच्या आठवडाभर आधी बाजूने घेतलेला एक व्हिडिओ पाठव, सहा-सात चेंडूंचा, त्यात निदान दोन हळू असू देत. पाय कधी टेकतोय ते बघून सांगतो.